रुह्नूचं लाकडी चर्च

खाऱ्या हवेत लाकडी चर्च शंभर वर्षंही तग धरत नाही, असा दावा केला जातो. मला तो पटत नाही. एस्टोनियाचं रुह्नू बेट बघा. रिगाच्या आखातात, चहूबाजूंनी समुद्र. तिथलं लुथरन चर्च 1644 सालचं, ओंडके रचून बांधलेलं. एस्टोनियातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत ते मोडतं. मनोरा मात्र नंतरचा, 1755 चा.

बांधणारे होते स्वीडिश बोलणारे बेटकरी. मासेमारी, शेती आणि सीलची शिकार यांवर जगणारी माणसं. पुढे राज्य रशियाचं झालं, तरी भाषा आणि उपासना त्यांनी सोडली नाही. 1912 मध्ये शेजारीच दगडी चर्च उभं राहिलं, पण जुनं पाडलं नाही. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो; आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली किती जुनी लाकडी मंदिरं गेली!

खरा घाव हवेने घातलाच नाही. 1944 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत सैन्य येण्याआधी जवळजवळ सगळं गाव बोटीने स्वीडनला निघून गेलं. मागे राहिली जेमतेम दोन कुटुंबं. म्हणून लाकूड किती टिकतं यासोबत ते सांभाळणारे कुठे गेले, हेही या चर्चेत यायला हवं.