फ्रीमेसनरीवरची जुनी पुस्तकं आणि पत्रकं: मुंबईत संग्रह सुरू करायचा तर कुठून?

गिरगावकर

नमस्कार मंडळी,

फ्रीमेसनरी, म्हणजे लॉज नावाच्या शाखांतून चालणारी बंधुत्वाची जुनी संघटना, तिच्यावरची जुनी छापील पुस्तकं आणि पत्रकं जमवायची आहेत. मी लॉजचा सभासद नाही, पण इतिहास आणि जुनी छपाई या दोन्हींत रस आहे. परदेशी विक्रेते 'पहिली आवृत्ती', 'दुर्मीळ' असं लिहून नेटवर बरंच काही विकतात. इकडे चोर बाजारात आणि रद्दीत लॉजची बारीकसारीक छापील कागदं गठ्ठ्याने येतात. त्यांच्यावर सालच नसतं, किंवा असलं तर ५८७६ असं काहीतरी असतं. माफक पैशात भर कशावर द्यावा? साल आणि अस्सलपणा कसा ओळखावा? आणि सभासद नसताना हे सगळं विकत घेणं रीतसर आहे का?

शिळाछाप

गिरगावकर, माझं स्पष्ट मत सांगतो: मुंबईत छापलेलं जमवा. लंडनचे मोठे ग्रंथ तिथल्या प्रत्येक मोठ्या ग्रंथालयात आहेत, बरेचसे स्कॅन होऊन फुकट वाचायलाही मिळतात. लॉजच्या बायलॉजची (नियमांची) पुस्तिका, इन्स्टॉलेशनचा (पदग्रहणाचा) कार्यक्रम, सभासदांची वार्षिक यादी, सभेचं समन्स (बोलावणं) हे मात्र सभासदांपुरतंच छापलं जायचं. नवे बायलॉज आले की जुने रद्दीत. ग्रंथालयांनी ही पत्रकं क्वचितच जपली, त्यामुळे आज ती तुमच्यासारख्यांकडे उरली तरच उरतील.

मुंबईचं महत्त्व असं की जेम्स बर्न्सने १८४३ साली इथे रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हे स्कॉटिश सनदेचं (स्कॉटलंडच्या परवान्याने चालणारं) लॉज काढलं ते भारतीय लोकांना प्रवेश मिळावा म्हणूनच. पुढे पारशी समाजात फ्रीमेसनरी चांगली रुजली. खरशेदजी रुस्तमजी कामा यांची या विषयावरची व्याख्यानं १८७० च्या दशकात इथेच छापली गेली. डी. एफ. वाडियांनी लिहिलेला रायझिंग स्टारचा इतिहास १९१२ चा, आणि जीवनजी जमशेदजी मोदींचे मेसॉनिक विषयांवरचे निबंध १९१३ चे. एवढी तीन नावं पाठ असली तर फाउंटनच्या फुटपाथवरसुद्धा हात बरोबर जागी थांबतो. गुजराती लिपी वाचता येत नसेल तर आधी शिका. मराठी वाचणाऱ्याला पंधरा दिवसांत जमते, आणि पारशी छापखान्यांतला बराच माल त्याच लिपीत आहे.

आता सालाबद्दल. ५८७६ हे 'ॲनो लुसिस', म्हणजे फ्रीमेसनांचा स्वतःचा सन, त्यातून ४००० वजा करा: १८७६. पत्रक रॉयल आर्च चॅप्टरचं (रॉयल आर्च या पुढच्या पदवीच्या मंडळाचं) असेल आणि सालाआधी ए. आय. असेल, तर ५३० वजा करा. पारशी छापखान्याच्या गुजराती पत्रकावर यज्दगर्दी सन असतो, त्यात साधारण ६३० मिळवा. पारशी नवं वर्ष इसवी सनाच्या मध्येच कुठेतरी सुरू होतं, म्हणून महिन्याप्रमाणे ६३१ ही होतात. पत्रकावर दोन सनं असतील तर दोन्ही काढून जुळवा. नाही जुळली तर बहुधा एक आकडा चुकीचा जुळवलेला असतो, तेव्हा फक्त त्यावर विसंबू नका.

साल अजिबात नसेल तर लॉजचा क्रमांक पाहा. नावापुढे ई. सी. म्हणजे इंग्लंडची सनद, एस. सी. म्हणजे स्कॉटलंडची. मुंबईत दोन्ही शेजारी शेजारी चालत, म्हणून ही दोन अक्षरं टिपल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने, म्हणजे तिथल्या शिखरसंस्थेने, आपल्या लॉजांचे क्रमांक वेळोवेळी बदलले: १८१४, १८३२ आणि शेवटचं १८६३. जॉन लेनने हे सगळे क्रमांक एकत्र केले, आणि ती नोंद आता नेटवर शोधता येते. पत्रकावरचा क्रमांक १८६३ पूर्वीचा निघाला तर पत्रकही त्याआधीचं धरायला हरकत नाही. स्कॉटिश लॉजांना हा हिशेब लावू नका, त्यांची क्रमवारी वेगळी आहे. 'ग्रँड लॉज ऑफ इंडिया' असं छापलेलं असेल तर ते नोव्हेंबर १९६१ नंतरचंच. मात्र काही लॉजं तेव्हाही इंग्लंड-स्कॉटलंडकडेच राहिली, त्यामुळे ई. सी. दिसलं म्हणजे १९६१ पूर्वीचं, असं उलटं गणित मांडू नका.

फर्मा मोजा

शिळाछाप यांच्याशी सहमत. तरी इंग्लंड-अमेरिकेची पुस्तकं घ्यायचीच असतील तर नेहमीचे सापळे लिहून ठेवतो.

जेम्स अँडरसनचं १७२३ चं 'कॉन्स्टिट्यूशन्स', फ्रीमेसनांच्या नियमांचं पुस्तक. याच्या हुबेहूब प्रती निघाल्या आहेत, त्यांतली १९२३ ची लंडनच्या क्वारिच या प्रकाशकाची बरीच फिरते. पुढचं निवेदन-पान काढून टाकलं की ती अजाण माणसाला जुनी वाटते. पान उजेडासमोर धरा. त्या काळच्या हातकागदात साच्याच्या तारांच्या उभ्या-आडव्या रेघा दिसतात. हे पुस्तक क्वार्टो आकाराचं, म्हणजे ताव दोनदा दुमडलेला, म्हणून दूर दूर असलेल्या जाड रेघा आडव्या यायला हव्यात. रेघाच नसतील तर पुढे बघायलाच नको. मग जॉन पाइनने कोरलेलं सुरुवातीचं चित्र. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती दाबाची चौकट उमटते, बोटाला कळते. प्रत नीट बांधताना चौकट कापली गेली असेल तर दहापट भिंग लावा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छायाचित्रावरून छापलेलं आहे.

'इलस्ट्रेशन्स ऑफ मेसनरी' या एकाच नावाची दोन पुस्तकं आहेत. विल्यम प्रेस्टनचं १७७२ चं, ज्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या (१८२९ च्या आवृत्तीवर जॉर्ज ऑलिव्हरने हात फिरवला). आणि न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम मॉर्गनचं १८२६ चं, ज्यात विधी उघड केले, आणि ज्यापायी तो बेपत्ता झाला. यादीत लेखकाचं नाव नसेल तर शीर्षकपानाचा फोटो मागितल्याशिवाय पैसे भरू नका.

अल्बर्ट पाइकचं 'मॉरल्स अँड डॉग्मा'. शीर्षकपानावर १८७१ दिसतं आणि विकणारा 'पहिली आवृत्ती' म्हणतो. ते साल पुढच्या कित्येक पुनर्मुद्रणांवर तसंच राहिलं. शेवटी जाडजूड विषयसूची जोडलेली असेल तर ती प्रत १९०९ नंतरचीच, कारण सूचीच तेव्हाची. अशा प्रती भरपूर आहेत. वाचायला घ्या, संग्रहाची किंमत देऊ नका.

गूल्डचा फ्रीमेसनरीचा इतिहास: मूळ लंडनचा संच १८८२ ते १८८७ चा. त्यानंतर अमेरिकी आवृत्त्या आल्या, दुसऱ्यांनी सुधारलेल्याही आल्या. कणा सोनेरी आहे म्हणून मूळ समजू नका. मूळ संचातसुद्धा चित्रपानं फ्रेम करायला काढलेली असतात. सुरुवातीला चित्रांची यादी असते, ती समोर ठेवून एकेक चित्र मोजा.

मोजणीचं म्हणाल तर पृष्ठांक पुरेसे नाहीत. पानाच्या तळाशी फर्म्याची (एका तावातून दुमडलेल्या पानांच्या जुडीची) अक्षरं असतात, ए, बी, सी अशी. ती सलग येतात का बघा, म्हणजे मधला अख्खा फर्मा गायब असेल तर कळतं. इंग्रजीत जे आणि आयचं, यू आणि व्हीचं एकच अक्षर धरलं जाई आणि डब्ल्यू वगळला जाई, ती तूट समजू नका. मुंबईच्या पत्रकात सगळ्यात जास्त हरवतं ते बाहेरचं रंगीत आवरण. छापखान्याचं नाव आणि पत्ता बऱ्याचदा त्याच्याच मागे असतो.

सनदशीर

रीतसर असण्याबद्दल. छापील पुस्तक, अगदी विधींची छोटी निळी पुस्तिकासुद्धा, सभासद नसलेल्याने विकत घेण्यात काही अडचण नाही. ती पूर्वीही उघड विकली जात. हस्तलिखित मिनिट-बुक, हजेरीपट, सनदेचा मूळ कागद ही मात्र लॉजची मालमत्ता असते. अशी वस्तू रद्दीत दिसली तर फोर्टात डी. सुखाडवाला मार्गावरच्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये संबंधित लॉजच्या सेक्रेटरींना कळवणं योग्य. छापील पुस्तकावर लॉजच्या वाचनालयाचा किंवा एखाद्या ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि 'रद्द' असा दुसरा शिक्का नसेल, तर विक्रेत्याला आधी विचारा. शिक्का खरवडलेला दिसला तर घेऊच नका.

दुसरं, १९७२ चा पुरावस्तू कायदा. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित, दप्तर वा दस्तऐवज ७५ वर्षांपेक्षा जुना असेल तर तो पुरावस्तूत मोडतो. खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशी संग्राहकाशी अदलाबदल करणार असाल तर जुनं काहीही पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या.

गिरगावकर

खूप आभार, सगळ्यांचेच. एक अडचण तातडीची आहे. बायलॉजच्या पुस्तिकांचा जो गठ्ठा हाती आलाय त्यातल्या पिना गंजल्यात, कडा ठिसूळ झाल्यात आणि चार-पाच पुस्तिकांना पांढरट बुरशी आहे. बाइंडर म्हणतो, कडा मशीनवर कापून, लॅमिनेशन करून एकत्र बांधून देतो. द्यावं का?

खळ आणि दोरा

गिरगावकर, देऊ नका. कापलेली कड परत येत नाही, लॅमिनेशनचं प्लास्टिक उष्णतेने कागदात मुरतं आणि सुटत नाही, आणि वेगवेगळी पत्रकं एकत्र बांधली की कोणतं कुठून आलं याचा माग संपतो. आणखी एक. आपल्याकडे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची पद्धत आहे. त्यातलं तांबं कागदाचा ऱ्हास वाढवतं. बाइंडरला विचारून घ्या.

आधी बुरशी. त्या पुस्तिका आजच वेगळ्या करा, कागदी पाकिटात, प्लास्टिकमध्ये नको. ओल्या बुरशीला ब्रश लावला की ती पसरते. पंख्याच्या वाऱ्याजवळ पण थेट झोतात नाही अशा जागी, सावलीत, कोरडी होऊन तिची पूड होईपर्यंत ठेवा. मग गॅलरीत एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या दिशेने झाडा. उन्हात ठेवू नका: कागद पिवळा पडतो, शाई उडते.

पिना ओढून काढायच्या नाहीत. पुस्तिका मधल्या पानावर उघडा, पिनेच्या दुमडलेल्या टोकांखाली पातळ पॉलिएस्टरची पट्टी सरकवा म्हणजे हत्यार कागदाला लागत नाही. बोथट पातळ पात्याने टोकं सरळ उभी करा, मग उलट बाजूने पीन अलगद उचला. गंजून कागदाला चिकटली असेल तर तुकडे करून काढा. गंजाचे डाग धुवायला जाऊ नका. पुस्तिकेवर जुन्या शाईची सही असेल तर पाण्याने ती फुटते. शिवायला आधीचीच भोकं वापरा: अळशीचा दोरा, मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर, आणि गाठ. दोनच भोकं असतील तर मध्ये तिसरं पाडा. दोरा घट्ट ओढला की ठिसूळ घडी चिरते, तेव्हा घडी आधी जपानी टिश्यूच्या पट्टीने, गव्हाच्या साध्या खळीने, मजबूत करा. सेलोटेप कुठेही नको.

जाता जाता, पिनांवरून सालही कळतं. तारेच्या पिना छापखान्यांत साधारण १८८० नंतर रूढ झाल्या. '१८५०' छापलेल्या पुस्तिकेला फक्त पिना असतील आणि दोऱ्याची जुनी भोकं नसतील, तर ते पुनर्मुद्रण असण्याचा संशय घ्या.

कीड दिसली तर पुस्तिका पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवा. उणे २० अंशांना एक आठवडा, घरगुती उणे १८ ला दोन. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. दव पिशवीवर बसायला हवं, कागदावर नाही.

साठवायला पॉलिप्रोपिलिनचा झाकणाचा डबा घ्या, तळाला ५ आकडा असलेला. पीव्हीसी नको. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. ६५ च्या वर सतत राहिली की बुरशी आलीच, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर बाहेर ८० च्या वर असते. ३० लिटरच्या डब्याला अर्धा ते पाऊण किलो सिलिका जेल आणि आत छोटं डिजिटल आर्द्रतामापक. जेल कापडी पिशवीत, कागदाला न टेकवता. नवी कोरडी जेल सगळी एकदम टाकली तर आर्द्रता ३० पर्यंत उतरते आणि चामडी बांधणी वाकते, म्हणून अर्धी घालून दुसऱ्या दिवशी मापक बघा. जेलचा रंग बदलला की ती ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास.

शिळाछाप

वेखंड राहिलं. पोथ्यांच्या रुमालात वेखंडाची पुरचुंडी पिढ्यानपिढ्या ठेवतातच की.

खळ आणि दोरा

ठेवा, कसर थोडी दूर राहते. पण कापडात बांधून, पूड नको, डाग पडतो. आणि ओल त्याने हटत नाही, म्हणून जेलऐवजी नाही. डांबरगोळ्या मात्र डब्यात अजिबात नकोत.

फर्मा मोजा

पिना काढायच्या आधी प्रत्येक पुस्तिकेचे फोटो काढा, आवरणाच्या दोन्ही बाजू आणि मधलं पान पिनेसकट. नोंदीत लॉजचं नाव, क्रमांक, ई. सी. की एस. सी., छापलेलं साल आणि तुम्ही काढलेलं साल वेगवेगळ्या रकान्यांत, छापखाना, पानं, आकार मिलिमीटरमध्ये, आणि कुठून घेतली ते. तुमचा अंदाज छापलेल्या सालाच्या रकान्यात कधीच लिहू नका. ताडून बघायला मुंबई समाचार मार्गावरची के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आणि टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी ही दोन ग्रंथालयं आधी करा. लंडनची जुनी मेसॉनिक नियतकालिकं नेटवर फुकट शोधता येतात. १८३४ पासूनच्या 'फ्रीमेसन्स क्वार्टर्ली रिव्ह्यू'त हिंदुस्थानातल्या लॉजांच्या बातम्या असतात. पदाधिकाऱ्यांची नावं पत्रकावर असली तर तिथल्या बातम्यांशी जुळवून साल पक्कं करता येतं.