शेवंतीला कळ्याच येईनात. दोष दिव्याचा का?

प्रश्न: शेवंतीची कुंडी खिडकीत ठेवलीय. पानं हिरवीगार, पण कळी एकही नाही. मी रात्री बारापर्यंत तिथेच दिवा लावून वाचत बसते. गच्चीवरच्या कुंडीला मात्र कळ्या लगडल्यात. खत दोन्हींना एकच.

उत्तर १: खत कमी पडतंय. पोटॅश द्या.

उत्तर २: खताला उगाच बोल लावू नका, दोष तुमच्या वाचनाचा! शेवंती रात्र मोजते. सलग लांब अंधार मिळाला तरच कळी धरते. भांगेच्या बहुतेक जातींचंही तेच. पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य प्रकाश ओळखतं आणि मधेच दिवा लागला की रात्र तुटते. फुलणं दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतं, हे गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू, सोयाबीनवर दाखवलं होतं. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ कुंडीवर खोका पालथा घाला. रोज हं, एक दिवसाआड नाही.

प्रश्नकर्ती: म्हणजे दिवसा दिवा चालेल?

उत्तर २: चालेल, पण उन्हाची सर नाही. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजायचं एकक), खोलीतल्या दिव्याखाली जेमतेम काहीशे. डोळ्यांना एवढा फरक जाणवत नाही, झाडाला जाणवतो.

प्रश्नकर्ती: खोका घातला. आज चोविसावा दिवस, शेंड्याला मोहरीएवढं काहीतरी दिसतंय!