मदत हवी आहे: आईच्या खुब्याचं ऑपरेशन, जुना स्टेंट आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिड

आई 79 वर्षांची आहे. परवा पहाटे बाथरूमला जाताना पडली आणि उजवा खुबा मोडला. इंटरट्रोकॅन्टरिक फ्रॅक्चर आहे, म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेच्या जरा खाली. उद्या दुपारी आत रॉड टाकणार आहेत.

आज भूलतज्ज्ञ मॅडम तपासून गेल्या. जाता जाता म्हणाल्या, रक्त कमी जावं म्हणून सुरुवातीलाच ट्रानेक्झॅमिक ॲसिड देऊ. नाव ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. पाळीत फार अंगावर जायचं तेव्हा हीच गोळी मला दिली होती आणि पाकिटातल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, रक्तात गाठी असलेल्यांनी घेऊ नये. आईला 6 वर्षांपूर्वी हार्ट ॲटॅक आला होता. एक स्टेंट आहे, ॲस्पिरिन रोज चालू असते. त्या वेळी आई कण्हत होती, माझं लक्ष तिच्याकडे, आणि विचारायचं राहूनच गेलं.

दुसरीकडे हिमोग्लोबिनची काळजी आहे. भरती केलं तेव्हा 11.2 होतं, काल संध्याकाळी 9.4. अजून ऑपरेशन झालेलंच नाही, बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही. मांडी मात्र तट्ट फुगली आहे. काल गाऊनची घडी मांडीखाली आली होती, ती काढली तर तिचा वळ तासभर तसाच राहिला.

भाऊ म्हणतो, हे औषध नको म्हणून सांगून टाक, लागलं तर रक्त चढवू. मला ठरवता येत नाही. स्टेंट असताना हे औषध चालतं का? ऑपरेशननंतर पोटावर रक्त पातळ करायची इंजेक्शनं देणार आहेत म्हणे. मग आधी गोठवायचं आणि नंतर पातळ करायचं, हे कसं? उद्या सकाळी राउंडला डॉक्टर येतील तेव्हा नेमकं काय विचारू?

प्रतिसाद 1

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे. तुमच्या आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचाच. पण औषध नीट समजलं तर भीती बरीच कमी होईल.

हे औषध रक्त गोठवत नाही. जखमेवर शरीर स्वतःच गाठ धरतं आणि थोड्याच वेळात प्लाझमिन नावाचं द्रव्य ती विरघळवायला लागतं. ट्रानेक्झॅमिक ॲसिड ते विरघळणं थोपवून धरतं. म्हणजे धरलेली खपली टिकते, नवी तयार होत नाही. शरीरातला त्याचा निम्मा अंश साधारण दोन-तीन तासांत उतरतो आणि बहुतेक सगळं लघवीवाटे जातं. म्हणून मूत्रपिंड अधू असेल तर डोस कमी करावा लागतो. आईंचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे, हे जरूर विचारा.

पोटावरच्या इंजेक्शनांचं काम निराळं. अंथरुणाला खिळल्यावर पायाच्या शिरांत गाठी होतात, त्या होऊ नयेत म्हणून ती काही तासांनी सुरू करतात. तोवर या औषधाचा जोर ओसरलेला असतो. दोन्ही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

आता स्टेंटबद्दल. तुमची शंका अगदी रास्त आहे. 2022 साली पॉइज-3 नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय सोडून इतर शस्त्रक्रिया होणारे 9,535 रुग्ण त्यात होते, आणि हृदयविकाराचा धोका असलेलेच मुद्दाम निवडले होते. मोठा रक्तस्राव औषध दिलेल्यांत 9.1 टक्के, न दिलेल्यांत 11.7 टक्के. हृदय, मेंदू आणि गाठींच्या तक्रारी 14.2 आणि 13.9 टक्के. फरक किरकोळ आहे, पण 'धोका मुळीच वाढत नाही' असं छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा त्यातून मिळाला नाही. फक्त हाड मोडलेल्यांच्या अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2023 मध्ये घेतला. शिरेतून दिल्यास रक्त चढवण्याची गरज बहुधा कमी होते, हे त्यात दिसलं. गाठींबद्दल ठाम सांगायला रुग्णसंख्या अपुरी पडली. माझ्या हाताखालचा रुग्ण असता तर 6 वर्षं जुन्या, शांत असलेल्या स्टेंटसाठी मी हे औषध टाळलं नसतं. ॲटॅक गेल्या काही महिन्यांतला असता, पायात किंवा फुप्फुसात आत्ता गाठ असती, किंवा फिट येण्याचा आजार असता, तर थांबून विचार केला असता.

भाऊ म्हणतात तसं रक्त चढवणं हाही बिनधोक पर्याय नाही. म्हाताऱ्या हृदयावर त्या पिशवीचा भार पडतो, कधी फुप्फुसांत पाणी होतं.

प्रतिसाद 2

माझ्या वडिलांचं गेल्या वर्षी असंच झालं. तुमची गाऊनच्या वळाची गोष्ट वाचून तेच दिवस आठवले. या प्रकारच्या फ्रॅक्चरमध्ये हाड सांध्याच्या आवरणाबाहेर मोडतं, त्यामुळे रक्ताला अडवायला काही नसतं आणि ते मांडीच्या स्नायूंत मुरतं. मानेचं फ्रॅक्चर आवरणाच्या आत असतं, तिथे एवढं साचत नाही. ऑपरेशनमध्ये रक्त फार गेलं नाही असं सर्जन म्हणाले होते, तरी तिसऱ्या दिवशी बाबांचं हिमोग्लोबिन 7.8 निघालं. तेव्हा ऑपरेशननंतरचे दोन-तीन दिवस तपासणी चुकवू नका.

आणि रक्त कितीला चढवणार, हे आधीच विचारून ठेवा. आम्हाला 8 हा आकडा सांगितला होता. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या, खुबा मोडलेल्या 2,016 रुग्णांवर फोकस नावाचा अभ्यास झाला होता, 2011 चा. 10 च्या खाली गेल्या गेल्या रक्त देऊन त्यांना जास्त फायदा झाला नाही. मात्र छातीत दुखलं, दम लागला, नाडी फार धावली, तर आकड्याची वाट पाहत नाहीत.

प्रतिसाद 1 (पुन्हा)

एक राहिलं. पाठीतून भूल देणार असतील तर भुलीच्या औषधाच्या आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या काचेच्या कुप्या टेबलावर येतात आणि काही ठिकाणी त्या दिसायला सारख्या असतात. चुकून ट्रानेक्झॅमिक ॲसिड मणक्यात गेलं तर जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2022 मध्ये तसा इशारा दिला आहे. तुम्ही काही करायला हवं असं नाही, आम्ही कुप्या वेगळ्या ठेवतो आणि लेबल मोठ्याने वाचतो. पण विचारलंत तर कोणी रागावणार नाही.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मॅडमना गाठलं आणि एकेक विचारलं. आईचं क्रिएटिनिन 1.1 आहे, फिटचा त्रास नाही, आदल्या दिवशी पायांची सोनोग्राफी झाली तीत गाठ नाही. हृदयाच्या डॉक्टरांशी मॅडम आदल्या दिवशीच बोलल्या होत्या, मला ठाऊक नव्हतं. ॲस्पिरिन तशीच चालू ठेवली. कुप्यांचं विचारलं तर म्हणाल्या, आमच्याकडे हे औषध वेगळ्या ट्रेमध्ये असतं. औषध 1 ग्रॅम दिलं, दहा मिनिटं हळूहळू, कारण भरकन दिलं तर रक्तदाब उतरतो म्हणे. भाऊही बाजूला उभा राहून ऐकत होता, नंतर काही बोलला नाही.

आज तिसरा दिवस. हिमोग्लोबिन 8.6, रक्त अजून चढवलेलं नाही. वॉकर धरून पलंगापासून खुर्चीपर्यंत आली आणि बसल्यावर आधी चष्मा मागितला. पोटावरची इंजेक्शनं घरी गेल्यावर किती दिवस चालतात?

प्रतिसाद 1

साधारण चार ते पाच आठवडे. डिस्चार्जच्या कागदावर शेवटची तारीख लिहून घ्या, आणि ॲस्पिरिनही सोबत घ्यायची का तेही त्याच वेळी विचारा.