पर्यावरणशास्त्र : नुसती तोंडओळख?

काही जण म्हणतात की पर्यावरणशास्त्रात सगळ्याच विषयांची तोंडओळख होते, खोलात कशातच जाता येत नाही. मला हे अजिबात पटत नाही. इथे खोलात नेतो तो प्रश्न; वाटेत जो विषय लागेल तो शिकावाच लागतो.

कॅनडातलं 'लेक २२६' घ्या. तळी शेवाळाने हिरवी का होतात, कार्बनमुळे की फॉस्फरसमुळे, यावर तेव्हा कडाक्याचा वाद होता. १९७३ मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी या तळ्याच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन सोडला, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला! विमानातून काढलेल्या फोटोत पडद्याची रेघ लख्ख दिसते.

यात रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र वेगळं काढून दाखवा बरं. पुढे तळ्यांत फॉस्फरस पोचवणाऱ्या, डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर बंधनं आणायची तर कायदा आणि अर्थशास्त्रही आलंच, कारण उत्पादकांचा विरोध होता.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी पदवीला एखादं मूळ शास्त्र पक्कं करावं, आणि संख्याशास्त्र तर मुळीच टाळू नये.