मदत हवी आहे: स्नायू शिथिल केलेल्या रुग्णाच्या गुंगीची खोली कशी ओळखावी?

सर्वांना नमस्कार. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णांची गुंगी आम्ही रिचमंड मापनपट्टीवर, म्हणजे +४ (अत्यंत आक्रमक) ते −५ (हाक किंवा स्पर्शालाही प्रतिसाद नाही) या गुणांत, नोंदवतो. आधी नुसते निरीक्षण, मग हाक आणि प्रतिसाद नसेल तरच स्पर्श, असा क्रम असतो.

अडचण स्नायू शिथिल करणारे औषध चालू असलेल्या रुग्णांची आहे. असा रुग्ण पूर्ण जागा असला तरी डोळे उघडू शकत नाही, त्यामुळे −५ ही नोंद खरी गुंगी दाखवते की केवळ औषधाने आलेली निश्चलता, हे कळत नाही, आणि कुणी जागेपणी मुकाट्याने वेदना सोसत असेल या विचाराने माझे मन अस्वस्थ होते. नाडी आणि रक्तदाबावर विसंबावे, तर त्यांवर इतर औषधांचाही परिणाम असतो.

मेंदूच्या विद्युतलहरींवरून ० ते १०० (१०० म्हणजे पूर्ण जागा) असा आकडा देणारा बीआयएस मॉनिटर आमच्याकडे आहे. शस्त्रक्रियेतील भुलीसाठी ४० ते ६० ही कक्षा धरतात. परंतु कपाळाच्या स्नायूंच्या हालचालीने हा आकडा फुगतो, आणि केटामिन हे भुलीचे औषध चालू असताना रुग्ण गाढ गुंगीत असूनही तो चढलेला दिसू शकतो.

अशा रुग्णांत आपण कोणत्या आकड्यावर गुंगीचे औषध बदलता? आकड्यासोबत लहरींचा आलेखही वाचता का, आणि तो वाचायला परिचारिकांना कसे शिकवलेत?