मदत हवी आहे: छायाचित्रांवर अचूक ठरणारे मॉडेल सरकत्या पट्ट्यावर का चुकते?

नमस्कार.

सुका कचरा वेगळा करणारी एक लहान यंत्रणा आम्ही चौघे जण गेल्या सात महिन्यांपासून बांधत आहोत. सरकता पट्टा, त्याच्यावर टांगलेला एक रंगीत कॅमेरा, पुढे तीन बाहूंचा डेल्टा रोबो आणि रोबोच्या टोकाला हवा ओढून वस्तू उचलणारा रबरी कप, अशी तिची रचना आहे. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने धावतो. पेट या पारदर्शक प्लास्टिकच्या (पाण्याच्या असतात तशा) बाटल्या, जाड प्लास्टिकचे कॅन, पुठ्ठा आणि ॲल्युमिनियमचे डबे हे चार प्रकार उचलून वेगवेगळ्या खणांत टाकायचे आणि उरलेले पट्ट्याच्या टोकाला पडू द्यायचे, एवढेच त्या यंत्राने करावे अशी आमची अपेक्षा आहे.

चित्रावरून वस्तू ओळखणारे संगणकीय मॉडेल शिकवण्यासाठी आम्ही ट्रॅशनेट हा सर्वांना खुला असलेला छायाचित्रसंग्रह मुख्यतः वापरला आणि त्यात स्वतः काढलेल्या काही छायाचित्रांची भर घातली. बाजूला राखून ठेवलेल्या छायाचित्रांवर मॉडेलचे उत्तर शंभरात नव्वदहून अधिक वेळा बरोबर आले, त्यामुळे काम जवळजवळ संपले अशी आमची समजूत झाली होती. प्रत्यक्ष पट्ट्यावर मात्र ते निम्म्या वस्तूंनाही धड ओळखत नाही. चपट्या झालेल्या बाटल्या त्याला कागद वाटतात आणि चकाकणारे काहीही दिसले की ते धातू म्हणून मोकळे होते. भरीस भर म्हणजे ओळख बरोबर आली तरी रोबो वस्तूच्या किंचित मागे उतरतो आणि कप रिकाम्या पट्ट्यावर आपटतो.

आता आमच्यात दोन मते आहेत. दोघांना अधिक मोठे मॉडेल हवे आहे, तर उरलेल्या दोघांना रंगीत कॅमेऱ्याऐवजी नजीकच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांवर चालणारा कॅमेरा घ्यावा असे वाटते. दोन्ही मार्ग खर्चाचे आहेत. यातले आधी काय करावे, की दोन्ही सोडून तिसरेच काही करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १

मोठे मॉडेल तूर्त बाजूला ठेवा. आपण ज्या संग्रहावर भिस्त ठेवली आहे तो २०१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका अभ्यासप्रकल्पातून तयार झाला असून त्यात २,५२७ छायाचित्रे आहेत. बहुतेक छायाचित्रांत पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकच वस्तू नीट मांडलेली असते आणि किरकोळ कचरा या सहाव्या वर्गात तर केवळ १३७ छायाचित्रे आहेत. म्हणजे मॉडेलने एकमेकांवर पडलेल्या, चिरडलेल्या, चिखलाने माखलेल्या वस्तू जवळजवळ पाहिलेल्याच नाहीत, आणि ‘यातले काहीच नाही’ हे उत्तर द्यायला ते पुरेसे शिकलेलेच नाही. खऱ्या वर्गीकरण केंद्राच्या पट्ट्यावरून घेतलेल्या चित्रांचा झीरोवेस्ट नावाचा संग्रह उपलब्ध आहे, तो पाहावा. पण खरा उपाय एकच, तो म्हणजे आपल्याच पट्ट्यावरची, आपल्याच कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे प्रत्येक वस्तूभोवती हाताने चौकट आखून मॉडेलला देणे. ते करताना एका चुकीपासून जपा. एकाच चलचित्रातील लागोपाठची चित्रे शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन्ही ढिगांत विखुरली, तर तीच बाटली दोन्हीकडे येते आणि निकाल खोटा चांगला दिसतो. म्हणून ढीग दिवसांनुसार पाडावेत, म्हणजे सोमवारचे शिकायला आणि गुरुवारचे तपासायला.

दुसरी गोष्ट प्रकाशाची, आणि माझा मुख्य संशय तिच्यावरच आहे. आपला पट्टा सेकंदाला अर्धा मीटर जातो. कॅमेरा आपोआप प्रकाश जुळवून शटर २० मिलिसेकंद उघडे ठेवत असेल, तर तेवढ्यात वस्तू १० मिलिमीटर पुढे सरकते आणि चित्रात तेवढी फरफट उमटते. बाटलीची कड, झाकणाची गोलाई, लेबलवरची अक्षरे, म्हणजे जिच्यावरून ओळख पटावी ती प्रत्येक खूण त्यात पुसली जाते. तोच काळ १ मिलिसेकंदावर आणला की फरफट अर्ध्या मिलिमीटरवर येते, मात्र त्यासाठी वीसपट प्रकाश लागतो. तेव्हा शटरच्या ठेक्यावर लखलखणारे एलईडी दिवे लावावेत, वरून येणारा खोलीतला उजेड पडदे लावून तोडावा आणि चकाकीसाठी दिव्यावर व भिंगावर एकमेकांना काटकोनात ध्रुवण-गाळण्या (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या काचा) बसवाव्यात. त्या गाळण्याही बराच प्रकाश खातात, हे दिवे निवडताना लक्षात असू द्यावे. कॅमेऱ्याचे शटर ओळीमागून ओळ वाचणारे असेल तर चित्र तिरके होते. सगळे चित्र एकाच क्षणी टिपणारा कॅमेरा घ्यावा लागेल.

रोबो मागे का उतरतो, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. चित्र टिपल्यापासून हाताला आज्ञा मिळेपर्यंत एक चतुर्थांश सेकंद गेला, तर वस्तू साडेबारा सेंटिमीटर पुढे गेलेली असते. आपण ठरावीक विलंब धरून तो भरून काढत असाल, पण मॉडेलला लागणारा वेळ दर चित्रागणिक बदलतो. पट्ट्याच्या रुळावर एन्कोडर, म्हणजे पट्टा किती सरकला ते मोजणारे साधन, बसवा, शटर उघडल्या क्षणी त्याचा आकडा नोंदवा आणि वस्तूचे स्थान वेळेच्या नव्हे, तर त्या आकड्याच्या आधाराने ठरवा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी वर्गीकरणाच्या पट्ट्याशेजारी काही वर्षे देखरेखीचे काम केले आहे, म्हणून कॅमेऱ्याच्या प्रश्नापुरते लिहितो.

रंगीत कॅमेरा वस्तू ओळखतो, अवरक्त कॅमेरा द्रव्य ओळखतो. बाटलीचा आकार आणि लेबल पाहून ‘ही पाण्याची बाटली दिसते’ असे पहिला सांगेल. ती पेटची आहे की पीव्हीसीची हे दुसराच सांगू शकेल. हा भेद किरकोळ नाही, कारण पेट वितळवताना त्यात थोडेसे पीव्हीसी आले तरी त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि सगळा माल पिवळा पडून ठिसूळ होतो. पाण्यात बुडवूनही ही जोडी सुटत नाही. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन तरंगतात, पेट आणि पीव्हीसी मात्र दोन्ही बुडतात. तरीही अवरक्त कॅमेरा आंधळा होतो अशी एक जागा आहे, ती म्हणजे काळे प्लास्टिक. त्यातील काजळी हे किरण शोषून घेते, त्यामुळे काळ्या पट्ट्यावरचा काळा ट्रे त्याला दिसतच नाही, उलट साध्या कॅमेऱ्याला निदान त्याचा आकार तरी दिसतो. म्हणून मोठ्या केंद्रांत दोन्ही एकत्र वापरतात. आपण पेट बाटल्या आणि डबे एवढेच उचलणार असाल, तर पहिल्या टप्प्यात रंगीत कॅमेरा पुरेल.

त्याआधी आपण एक निर्णय घ्यायला हवा, आणि तो यंत्र घेणार नाही: आपल्याला माल शुद्ध हवा आहे की जास्तीत जास्त हवा आहे? मॉडेलच्या खात्रीचा उंबरठा, म्हणजे किती खात्री असली तरच वस्तू उचलायची ती मर्यादा, वर नेला की चुकीच्या वस्तू कमी येतात, पण चांगल्या वस्तूही हातच्या जातात. घेणारा शुद्धतेवर माल नाकारत असेल, तर उंबरठा वर ठेवा आणि सुटलेले पुढच्या माणसाला वेचू द्या. सगळे प्रकार एकाच हाताकडून करून घेण्याचा हट्ट मला अनाठायी वाटतो. लोखंडासाठी चुंबक आणि ॲल्युमिनियमसाठी भोवरा-प्रवाहाचे (बदलत्या चुंबकक्षेत्राने ते बाजूला उडवणारे) यंत्र ही जुनी साधने न थकता काम करतात. माणूस मिनिटाला साधारण ३० ते ४० वस्तू उचलतो, चांगला रोबो त्याच्या दुप्पट. पण पट्ट्यावर माल दोन थरांत आला तर दोघेही हतबल होतात. आधी चाळणी लावून माल एकाच थरात पसरावा.

लिथियम बॅटरी हा एक वर्ग मॉडेलला जरूर शिकवा, उचलण्यासाठी नव्हे, तर दिसताच पट्टा थांबवण्यासाठी. दाबयंत्रात चिरडलेल्या बॅटरीने लागलेली आग एकदा पाहिली, की ही सूचना अनावश्यक वाटत नाही.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. कॅमेऱ्याची मांडणी तपासली असता शटर खरोखरच आपोआप जुळणीवर होते आणि ते १७ मिलिसेकंद उघडे राहत होते, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. ते १ मिलिसेकंदावर आणून चार दिवे वाढवले. मॉडेल तेच ठेवूनही चपट्या बाटल्यांची ओळख ठळकपणे सुधारली. एन्कोडर बसवल्यावर हात वस्तूवर बरोबर उतरू लागला. बॅटरीचा वर्ग शिकवायला घेतला आहे.

आता अडचण पकडीची आहे. ओल्या पुठ्ठ्यावर आणि सुरकुतलेल्या बाटलीवर कपाखालून हवा निसटते. दोन बोटांची पकड बसवावी, की कपच बदलावा?

प्रतिसाद २

बोटांची पकड सावकाश चालते आणि शेजारच्या वस्तूही ओढून आणते, म्हणून आधी कप बदलून पाहा. घड्या असलेला, मऊ ओठांचा कप सुरकुतीवर बसतो. निर्वात दाबापेक्षा हवेचा प्रवाह वाढवला तर थोडी गळती खपून जाते. मात्र मधे गाळणी ठेवा, नाहीतर धुळीने पंप बसेल. पुठ्ठा रोबोने उचलूच नका. तो मोठा आणि चपटा असतो, पट्ट्याच्या सुरुवातीलाच फिरत्या चकत्यांच्या चाळणीवरून वेगळा निघतो आणि त्याच्याखाली लपलेल्या बाटल्याही मग कॅमेऱ्याला दिसू लागतात.