मदत हवी आहे: मुरूडचा पाण्यातला किल्ला शुक्रवारी जमेल का?

होटगीरोड
पुढच्या आठवड्यात मुरूडला जायचं ठरतंय. पाण्यातला किल्ला बघायचाच आहे, पोरांनी डोकं खाल्लंय. होडी किती वाजता सुटते, तिकीट आधी काढावं लागतं का आणि एका दिवसात उरकतं का, एवढंच सांगा. नेटवर जो तो वेगळं सांगतोय. गाडीवाल्याला आजच हो म्हणायचंय.

कंबरतलाव
कोणतं मुरूड ओ? बार्शीच्या पुढं लातूर रस्त्याला एक मुरूड लागतं, ते नसणार. दापोलीजवळच्या मुरूडला गेलात तर शेजारी हर्णैचा सुवर्णदुर्ग. रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला गेलात तर जंजिरा आणि पद्मदुर्ग. तिन्ही पाण्यातलेच. गाडीवाल्याला नुसतं 'मुरूड' सांगू नका.

होटगीरोड
जंजिराच हो. कलालबांगडी तोफ आहे तो.

खाडीवाला
मग मुरूड गावात होडी शोधू नका. चार-पाच किलोमीटर पुढं राजपुरी आहे, तिथून शिडाच्या होड्या सुटतात. तिकीट धक्क्यावरच मिळतं. ठरलेली वेळ नसते, होडी भरली की सुटते. सकाळी सातच्या सुमारास सुरू होतात, संध्याकाळी पाचच्या आसपास शेवटची. आता हे सांगा: वार कोणता, तिथी कोणती, बरोबर कोण कोण आणि धक्क्यावर किती वाजता पोचणार? यातलं एकही न कळता 'जमेल' म्हणणं बरोबर नाही.

होटगीरोड
शुक्रवार. तिथीचा काय संबंध? रात्री दोनला सोलापूर सोडणार, किल्ला बघून रात्रीच परत.

घाटवाट
दोनला निघालात तर साडेसहाच्या आत हडपसर, म्हणजे पुण्यातली गर्दी चुकते. चांदणी चौक, पिरंगुट, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव. माणगावहून मुंबईच्या बाजूला इंदापूर, तिथून डावीकडं तळा, आगरदांडा, राजपुरी. सोलापूर ते राजपुरी सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. चहा-नाश्ता धरून पोचायला बारा वाजतात.

एक लक्षात ठेवा. वाटेत इंदापूर दोनदा येतं. एक आपल्या पुणे रस्त्यावरचं, टेंभुर्णीच्या पुढचं, आणि दुसरं रायगड जिल्ह्यातलं. 'इंदापूरवरून वळा' एवढंच ऐकलेला ड्रायव्हर पहाटे भलत्याच फाट्याला गाडी घालतो.

कडकभाकरी
ताम्हिणीत लहान पोरांना उलट्या होतात. त्यापेक्षा खोपोली, पेण, अलिबाग, रेवदंडा, काशीद. रस्ता समुद्राकडेनं आहे. डब्याला कडक भाकरी आणि शेंगा चटणी घ्या, दोन दिवस काही होत नाही. दही मात्र नको.

घाटवाट
अलिबाग रस्त्यावर शनिवार-रविवारी मुंबईची सगळी गाडी उतरलेली असते. वळणं टाळायला म्हणून दोन-तीन तास जास्त घालवायचे का? पोरांना घाटाच्या आधी पोटभर खायला देऊ नका आणि पुढच्या सीटवर आळीपाळीनं बसवा, एवढ्यानं भागतं.

खाडीवाला
रस्त्याचं भांडण नंतर करा. शुक्रवारी दुपारी बारा ते दोन नमाजासाठी किल्ला बंद असतो. होटगीरोड नेमके बाराला पोचतायत. दोनला होडी धरली तर ऊन माथ्यावर, खारा वारा वाढलेला आणि दरवाजापाशी लाट. सकाळी पाणी निवांत असतं. शुक्रवारी पोचा, राहा, शनिवारी पहिल्या होडीनं जा.

होटगीरोड
मुक्कामाचं ठरलेलं नव्हतं. आई बरोबर आहे, गुडघे दुखतात तिचे. शनिवारी अमावास्या आहे, ती नको म्हणतेय.

खाडीवाला
आईंचं आधी सांगायला हवं होतं, सगळा हिशेब त्यावरच आहे. होडी थेट दरवाजाच्या पायऱ्यांना लागते, पण स्थिर राहत नाही. लाटेनं वर उचलली की पाऊल टाकायचं, खाली जाताना कधीच नाही. नावाड्याला हाताचा पंजा न देता मनगट धरू द्यायचं. एका हातात पिशवी असेल तर ती आधी दुसऱ्याकडं द्या. सगळ्यात खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, ओहोटीला त्याच उघड्या पडतात. म्हणून भरतीचं पाणी चढत असताना जाणं बरं.

खोरा बंदर किंवा दिघीहून मोठ्या बोटीनं गेलात तर किल्ल्याजवळ छोट्या होडीत उतरावं लागतं, म्हणजे चढ-उतार दुप्पट. आईंसाठी राजपुरीच.

तिथीपंचांग
भरतीची वेळ ॲपशिवायही काढता येते. तिथीची पाऊणपट करा. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, साधारण सहाला भरती. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. प्रत्यक्षात अर्धा तास इकडंतिकडं. त्याच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. म्हणजे शनिवारी पहाटे पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी आणि आठ ते साडेदहा पाणी चढतं.

फक्त अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. आईंना उतरवायचंच असेल तर एक आठवडा पुढं ढकललेलं उत्तम.

होटगीरोड
ढकलता येत नाही, सुट्टी टाकलीय. मग आईला नेऊच नको का?

खाडीवाला
न्या की. राजपुरीच्या धक्क्यावरून सगळी तटबंदी समोर दिसते, तिथं सावलीत बसता येतं. होडीत बसायची हौस असेल तर आधी नावाड्याशी बोला, उतरायचं नाही म्हणून सांगा. दरवाजा दूरून दिसतच नाही, दोन बुरुजांच्या मध्ये दडवलाय, अगदी जवळ गेल्यावर उघडतो. ते बघण्यासारखं आहे.

आत नावाडी साधारण पाऊण तास देतात. दरवाजातलं शिल्प आधी बघा: वाघासारखा प्राणी आणि त्याच्या पंज्यांत हत्ती. मग जवळच्या बुरुजावर कलालबांगडी, गोड्या पाण्याचं तळं, सुरुलखानाचा वाडा. वेळ उरला तर बालेकिल्ला. सगळा तट फिरायला गेलात तर होडी चुकते. पाणी आणि टोपी बरोबर ठेवा, स्वच्छतागृह धक्क्यावरच उरकून निघा.

इतिहासप्रेमी
हा किल्ला मलिक अंबरने बांधला. समुद्राखालून राजपुरीला भुयारही आहे, गाइडला दाखवायला सांगा.

भुईकोट
भुयार दाखवा म्हटलं की गाइड एक बुजलेलं तोंड दाखवतो आणि पुढं चालू लागतो. मलिक अंबरचंही तपासून घ्या. आधी तिथं कोळ्यांच्या प्रमुखाचा, राम पाटलाचा मेढेकोट होता, म्हणजे लाकडी ओंडक्यांचा कोट. दारूची पिंपं भेट देऊन निजामशाहीच्या पिरमखानाने तो घेतला अशी कथा. दगडी कोट बऱ्हाणखानाचा, १५६७ ते १५७१. मलिक अंबर तेव्हा विशीच्या आसपासचा, निजामशाहीतला त्याचा अंमल कितीतरी नंतरचा. पोरांना सांगायचंच असेल तर संभाजी महाराजांनी १६८२ साली राजपुरीकडून समुद्रात भर घालून सेतू बांधायला घेतला होता, ते सांगा. मोगली फौजा कोकणात उतरल्या म्हणून ते काम सोडावं लागलं. धक्क्यावर उभं राहून अंतर दाखवलं की मुलांना ते लगेच कळतं.

इतिहासप्रेमी
गाइड बुजलेलं तोंड दाखवतो म्हणून भुयार नाहीच असं कसं?

कंबरतलाव
वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. एवढ्या लांब कशाला जाताय, नळदुर्ग पन्नास किलोमीटरवर आहे. बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटात पाणीमहाल, शिवाय उपळी बुरूज.

भुईकोट
नळदुर्गचा नर-मादी धबधबा पावसाळ्यात नदी भरून आली की पडतो, आता कोरडा. पावसाळ्यात उलट जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, मे अखेरीस थांबतात त्या सप्टेंबरात सुरू होतात. त्यांनी आत्ता जंजिरा ठरवलाय तेच बरोबर.

वेळ मिळाला तर पद्मदुर्गाचं मुरूडच्या कोळ्यांना विचारून बघा, नियमित होडी नसते. तिथं तटाचे दगड खाऱ्या वाऱ्यानं झिजून आत गेलेत आणि मधला चुना तसाच बाहेर उभा आहे. शिवाजी महाराजांच्या वेळचं बांधकाम इतकं जवळून क्वचित दिसतं.

होटगीरोड
ठरलं. शुक्रवारी मुरूडला मुक्काम, शनिवारी आठला धक्क्यावर. आई होडीतून बघणार, पोरं आणि मी उतरणार. गाडी राजपुरीत कुठं लावायची?

खाडीवाला
गावातला रस्ता अरुंद आहे, समोरून बस आली की अडकायला होतं. आईंना धक्क्यावर सोडून ड्रायव्हरला गाडी गावाबाहेर लावायला सांगा. आठ म्हणजे आठ, नऊनंतर रांग लागते.

कडकभाकरी
येताना सुकट घ्या. नीट वाळलेली कुरकुरीत तुटते, वाकली तर ओल आहे. गाडीत बंद डब्यातच.